डेल्फीन सॉफ्टवेअर: 'अनदर वर्ल्ड' आणि 'फ्लॅशबॅक' देणारा स्टुडिओ बुडाला कशाने?

अश्वत्थ (चर्चाप्रस्ताव)

पॅरिस परिसरातील डेल्फीन सॉफ्टवेअर इंटरनॅशनल या गेम स्टुडिओविषयी येथील जाणकारांची मते हवी आहेत. १९८८ साली सुरू झालेल्या या स्टुडिओने १९९१ मध्ये 'अनदर वर्ल्ड' आणि पुढच्याच वर्षी 'फ्लॅशबॅक' हे गेम बाजारात आणले. या दोन्हींचे नाव आजही आदराने घेतले जाते. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने २०१२ मध्ये व्हिडिओ गेमचा संग्रह सुरू केला, तेव्हा पहिल्या चौदा गेममध्ये 'अनदर वर्ल्ड' होता. एवढे सगळे असूनही २००४ मध्ये हा स्टुडिओ कायमचा बंद पडला, आणि त्या वेळी त्याची फारशी कोणी दखलही घेतली नाही.

या अधोगतीची दोन कारणे सर्रास सांगितली जातात. पहिले असे, की १९९४ च्या 'शॅक फू' या मारामारीच्या गेमने स्टुडिओची अब्रू घालवली. दुसरे असे, की त्रिमितीय गेमचे युग या मंडळींना झेपले नाही. मला दोन्ही कारणे अपुरी वाटतात. 'शॅक फू'नंतर स्टुडिओ आणखी दहा वर्षे चालला. त्रिमितीचे म्हणाल, तर १९९७ चा मोटारसायकल शर्यतीचा 'मोटो रेसर' अथपासून इतिपर्यंत त्रिमितीय होता आणि तो उत्तम चालला. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आपल्याकडच्या कितीतरी सायबर कॅफेंमध्ये 'रोड रॅश'च्या शेजारी तोही टाकलेला असे, हे येथील अनेकांना आठवत असेल.

मग नेमके काय घडले? आणि याला जोडूनच दुसरा प्रश्न: सुरुवातीचे यश स्टुडिओचे होते, की तेथे काम करणाऱ्या दोन-तीन माणसांचे?

---

धुळाक्षरे

आपल्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण माझ्या मते पहिल्याचे निम्मे उत्तर त्यातच दडलेले आहे.

डेल्फीनचा जन्म संगणकाच्या जगात झाला नाही. संगीतकार पॉल द सेनव्हिल आणि ऑलिव्हिए तूसें यांची डेल्फीन नावाची संगीत कंपनी होती. पियानोवादक रिचर्ड क्लेडरमन याला जगभर नाव मिळवून दिले ते याच कंपनीने. तिचीच शाखा म्हणून गेम स्टुडिओ निघाला आणि त्याची सूत्रे पॉल क्विसे या प्रोग्रॅमरकडे आली. संगीताच्या धंद्यातील मालकांना एक गोष्ट ठाऊक असते, ती म्हणजे कलावंताच्या कामात रोज डोकावायचे नसते. त्या काळात गेम तयार करायला तीन-चार माणसे पुरत असल्यामुळे ही सवय पथ्यावर पडली. क्विसे यांनी 'सिनेमॅटिक' नावाचे स्वतःचे इंजिन, म्हणजे गेमच्या पायाशी असणारा प्रोग्रॅम, लिहिले आणि त्यावर 'फ्यूचर वॉर्स', 'ऑपरेशन स्टेल्थ' आणि 'क्रूझ फॉर अ कॉर्प्स' हे तीन साहसी गेम १९८९ ते १९९१ या काळात उभे केले. 'फ्यूचर वॉर्स'ची सुरुवात आजही मजेदार वाटते: नायक गगनचुंबी इमारतीच्या काचा पुसणारा साधा कामगार आहे आणि परांचीवर उभा राहून काम करता करता तो काळाच्या प्रवासात ओढला जातो. अमेरिकेत इंटरप्ले या प्रकाशकाने 'ऑपरेशन स्टेल्थ'ला चक्क जेम्स बाँडचे नाव चिकटवून विकले, हे जाता जाता सांगतो. आपला माल दुसऱ्याच्या नावाने खपण्याची सवय या स्टुडिओला फार लवकर लागली.

'फ्यूचर वॉर्स'ची चित्रे काढणारा तरुण म्हणजे एरिक शाही. १९८९ मध्ये त्याने 'अनदर वर्ल्ड' हा स्वतःचा गेम एकट्याने करायला घेतला आणि जवळजवळ दोन वर्षे तो त्यातच बुडालेला होता. 'ड्रॅगन्स लेअर'चे अमिगा संगणकावरील रूप पाहून त्याच्या मनात आले, की एवढी मोठी चित्रे फ्लॉपीवर साठवण्यापेक्षा सपाट रंगांच्या पॉलिगॉनमधून, म्हणजे बहुभुज आकारांमधून, हालचाल दाखवली तर जागाही वाचेल आणि वेगही मिळेल. मग त्याने कॅमकॉर्डरवर स्वतःच्याच हालचालींचे चित्रीकरण केले, त्यातील एकेक चौकट संगणकाच्या पडद्यावर थांबवली आणि तिच्यावरून पॉलिगॉन गिरवले. पडद्यावर रंग फक्त सोळा होते. ना गुण दाखवणारा आकडा, ना प्राण किती उरले ते सांगणारी पट्टी. समजेल असा एकही संवाद नाही. प्रयोगशाळेवर वीज कोसळते, लेस्टर हा शास्त्रज्ञ अज्ञात ग्रहावरच्या जलाशयात येऊन पडतो, आणि खेळणाऱ्याने तत्काळ वरची कळ दाबली नाही तर तळातून आलेले तंतू त्याला खाली ओढून नेतात. खेळ सुरू झाला आहे हे कळण्याआधीच तो पहिल्यांदा मेलेला असतो.

यातील तांत्रिक करामत अनेकांच्या लक्षात येत नाही. शाहीने गेमचा सारा तर्क एका काल्पनिक यंत्रासाठी लिहिला आणि ते यंत्र प्रत्यक्ष संगणकावर चालवणारा छोटा दुभाष्या प्रोग्रॅम वेगळा ठेवला. त्यामुळे नव्या संगणकावर किंवा कन्सोलवर गेम न्यायचा तर फक्त तो दुभाष्याच नव्याने लिहावा लागे. 'अनदर वर्ल्ड' पुढे इतक्या यंत्रांवर गेला याचे मूळ या दूरदृष्टीत आहे.

हे काम डेल्फीनच्या नोकरीचा भाग म्हणून झालेले नाही, हे मात्र ध्यानात घ्यावे. शाहीने तो गेम इतर प्रकाशकांनाही दाखवला होता. व्हर्जिन या प्रकाशकाने त्याचे रूपांतर माऊसने खेळायच्या साहसी गेममध्ये करण्याची सूचना केली आणि ती त्याला रुचली नाही. डेल्फीनने गेम आहे तसा स्वीकारला, हे तिचे मोठेपण. पुढे इंटरप्लेला अमेरिकी आवृत्तीसाठी सुरुवातीचे संगीत बदलायचे होते, तेव्हा 'मूळ संगीत कायम ठेवा' असे लिहिलेल्या कागदाची दोन टोके चिकटवून शाहीने तो फॅक्स यंत्रात घातला, म्हणजे पलीकडे तोच मजकूर संपता संपू नये! संगीत राहिले. १९९२ मध्ये शाही डेल्फीनमधून बाहेर पडला आणि त्याने अमेझिंग स्टुडिओ काढला. तेव्हा आपल्या प्रश्नाला माझे उत्तर असे: 'अनदर वर्ल्ड' हे डेल्फीनच्या पारखी नजरेचे यश होते, डेल्फीनच्या कार्यशाळेचे नव्हे.

---

पाणवठा

धुळाक्षरे यांचा प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहे, परंतु त्यांचा शेवटचा निष्कर्ष 'फ्लॅशबॅक'वर अन्याय करणारा आहे. तो गेम कार्यशाळेतूनच निघाला, आणि तोही शाहीच्या मदतीवाचून.

त्याची सुरुवात फार विचित्र होती. यू. एस. गोल्ड या ब्रिटिश प्रकाशकाला 'गॉडफादर' चित्रपटावर मेगा ड्राइव्ह या कन्सोलसाठी गेम हवा होता. क्विसे यांनी ती कल्पना भविष्यकाळात नेली, प्रकाशकाला ती मूळ चित्रपटापासून फारच दूर गेलेली दिसली, आणि अखेर परवान्याचा विषय सोडून देऊन स्वतंत्र गेम करण्याचे ठरले. स्मृती पुसली गेलेला कॉनरॅड हार्ट, शनीच्या टायटन या उपग्रहावरील जंगल, न्यू वॉशिंग्टन हे शहर, माणसाचे रूप घेणारे मॉर्फ, हे सर्व या अपघातातून जन्माला आले.

येथेही हालचाली चित्रीकरणावरून गिरवलेल्या होत्या, परंतु पद्धत वेगळी होती. कॉनरॅड अदृश्य चौकटींच्या जाळ्यावर चालतो. त्याचे प्रत्येक पाऊल ठरावीक अंतराचे असते आणि सुरू झालेली हालचाल पूर्ण झाल्याखेरीज दुसरी सुरू होत नाही. त्यामुळे धावत येऊन दरी ओलांडायची असेल तर कडा येण्यापूर्वीच उडीची कळ दाबून ठेवावी लागते. कड्यावर पोहोचून दाबली तर उशीर झालेला असतो. पहिल्या अर्ध्या तासात हे सर्व आखडलेले वाटते. एकदा हात बसला, की पिस्तूल रोखून लोळण घेणे, उठता उठता गोळी झाडणे आणि वरच्या कठड्याला लोंबकळणे हे सारे एका लयीत होऊ लागते. हे एकट्यादुकट्याचे काम नव्हते, त्यामागे लहानशी पण एकजीव चमू होती आणि तिचे नेतृत्व क्विसे करीत होते. फ्रान्समध्ये तयार झालेल्या गेमपैकी त्या काळी सर्वाधिक खपलेला गेम म्हणून 'फ्लॅशबॅक'चे नाव घेतले जाते.

'शॅक फू'विषयी एकच वाक्य पुरे. टोकियोत सामन्यासाठी आलेला बास्केटबॉलपटू शकील ओनील कुंग फूच्या आखाड्यातून दुसऱ्या जगात जातो, अशी ज्याची कथा आहे त्या गेमला लोकांनी हसावे हे स्वाभाविकच आहे, पण त्याची एवढी मोठी बदनामी बऱ्याच नंतर, इंटरनेटवर झाली. १९९४ मध्ये तो इतर अनेक सुमार मारामारीच्या गेमपैकी एक होता.

खरी ठेच लागली ती १९९५ च्या 'फेड टू ब्लॅक'मध्ये. 'फ्लॅशबॅक'चा हा पुढचा भाग. पन्नास वर्षांच्या निद्रेनंतर कॉनरॅड मॉर्फांच्या तुरुंगात जागा होतो आणि आता आपण त्याला पाठीमागून, त्रिमितीत पाहतो. कल्पना काळाच्या पुढे होती. परंतु 'फ्लॅशबॅक'चा सारा जीव ज्या मोजलेल्या पावलांत होता, तीच पावले त्रिमितीत निरर्थक झाली. डावीकडे-उजवीकडे अंतर अचूक कळते. खोलीचे अंतर त्या काळच्या पडद्यावर कळत नसे. कॉनरॅडला वळवायलाच एवढा वेळ लागे, की समोरचा शत्रू तोवर दोन गोळ्या मारून मोकळा होई.

---

खटपट्या

मी पुण्यात गेमच्याच व्यवसायात आहे आणि आमचे बहुतेक काम परदेशी प्रकाशकांसाठी चालते, त्यामुळे या चर्चेत हिशेबाची बाजू मांडतो. अश्वत्थ यांनी 'मोटो रेसर'चा मुद्दा काढला आहे, तो रास्त आहे. तो गेम चालला, १९९८ मध्ये दुसरा भाग आला, २००१ मध्ये तिसरा आला. मग पैसा गेला कोठे?

धंद्याची सर्वसाधारण रीत अशी असते. प्रकाशक स्टुडिओला टप्प्याटप्प्याने आगाऊ रक्कम देतो आणि विक्रीतील स्टुडिओचा वाटा आधी त्या रकमेत वळता करून घेतो. समजा, दहा लाख रुपये आगाऊ मिळाले आणि प्रत्येक प्रतीमागे स्टुडिओचा वाटा दहा रुपये ठरला, तर पहिल्या एक लाख प्रती विकल्या जाईपर्यंत स्टुडिओच्या हाती नवा छदामही पडत नाही. तोपर्यंत पुढच्या गेमचे काम सुरू झालेले असते, पगार द्यायचे असतात, म्हणून पुन्हा आगाऊ रक्कम. गेम गाजला तरी स्टुडिओ श्रीमंत होतोच असे नाही, आणि एखादा टप्पा प्रकाशकाने नाकारला तर दोन महिन्यांत घरघर लागते. यू. एस. गोल्ड, इंटरप्ले आणि पुढे इलेक्ट्रॉनिक आर्ट्स: डेल्फीनचे मोठे गेम परदेशी बाजारात गेले ते असे परक्या हातांतून. वितरणाचे स्वतःचे जाळे तिच्याकडे नव्हते. त्याच देशातील यूबिसॉफ्ट या गेम कंपनीने सुरुवातच वितरणापासून केली आणि स्टुडिओ नंतर उभारले, हा फरक मला निर्णायक वाटतो.

दुसरी गोष्ट माणसांच्या संख्येची. सोळा रंगांत पॉलिगॉन गिरवणारा एकटा माणूस दोन वर्षे चुकत-माकत काम करू शकतो, कारण खर्च त्याच्या एकट्याच्या जेवणाखाण्याचा असतो. १९९९ च्या 'डार्कस्टोन'चे उदाहरण घ्या. भुयारांत उतरून राक्षसांशी लढण्याच्या 'डायब्लो'च्या वळणाचा हा गेम डेल्फीनने त्रिमितीत केला. कॅमेरा फिरवता येई, दोन नायक एकाच वेळी घेऊन खेळता येई, भुयारे दर वेळी नव्याने रचली जात. काम चांगले होते. परंतु एवढ्या गोष्टी करायच्या म्हणजे प्रतिकृती तयार करणारे, त्यांना हलवणारे, पातळ्या रचणारे, चाचणी घेणारे असे अनेक लोक वर्ष-दोन वर्षे पदरी ठेवावे लागतात. २००० मध्ये प्लेस्टेशन २ हे नवे कन्सोल आले आणि हा खर्च पुन्हा वाढला. त्यातच त्याच वर्षी 'डायब्लो २' आला आणि त्या वळणाच्या इतर सर्व गेमची हवाच निघून गेली.

म्हणून माझे मत असे, की त्रिमितीचे तंत्र डेल्फीनला जमले होते. त्रिमितीचा खर्च जमला नाही. यात क्विसे यांच्या गुणवत्तेचा संबंध येत नाही. आणि थोडे कडवट वाटेल, पण सांगतो: मोटारसायकलींच्या शर्यतीचे भाग काढत राहणे हा त्या परिस्थितीत शहाणपणाचाच निर्णय होता. आज आपण त्याला कल्पनाशक्तीचे दारिद्र्य म्हणतो, कारण पगाराच्या तारखेला आपण तेथे नव्हतो.

---

अश्वत्थ

खटपट्या यांनी हिशेबाची बाजू फार स्पष्ट करून सांगितली, आभारी आहे. यातून एक उपप्रश्न निघतो. क्रायो आणि कॅलिस्टो हे फ्रेंच स्टुडिओही २००२ मध्येच कोसळले. मग ही डेल्फीनची कहाणी आहे, की साऱ्या फ्रेंच गेम उद्योगाची?

---

सह्यकडा

दोन्हींची, मात्र त्या तिघांना एकाच माळेत ओवू नये.

१९९२ च्या 'ड्यून'मुळे नावारूपाला आलेला पॅरिसचा क्रायो आणि 'नाइटमेअर क्रीचर्स' करणारा बोर्दोचा कॅलिस्टो हे दोघेही शेअर बाजारात उतरले होते. इंटरनेटचा फुगा फुगत होता तोवर भाव चढत राहिले, त्या जोरावर एकाच वेळी अनेक प्रकल्प हाती घेतले गेले, आणि २००० नंतर फुगा फुटला तेव्हा त्या प्रकल्पांना पोसायला पैसा उरला नाही. लिऑनच्या इन्फोग्राम या गेम कंपनीने तर अमेरिकेतील जीटी इंटरअॅक्टिव्ह आणि हॅस्ब्रोचा गेम विभाग विकत घेऊन 'अटारी' हे नाव मिळवले, आणि पाठोपाठ कर्जाचा डोंगर. डेल्फीनचे दुखणे निराळे होते. ती वाढली नाही म्हणून गेली. मूळ धंदा संगीताचा असलेल्या मालकांनी लहान स्टुडिओ हौसेने सांभाळला, परंतु त्याला प्रकाशन संस्था करण्याइतकी गुंतवणूक तेथून आली नाही.

या मालकांचे वर्तन समजून घ्यायचे असेल तर अॅडलीनची हकीकत पाहावी. 'अलोन इन द डार्क' या गेमचा कर्ता फ्रेडरिक रेनाल १९९३ मध्ये इन्फोग्राममधून नाराज होऊन सहकाऱ्यांसह बाहेर पडला, तेव्हा द सेनव्हिल यांनी त्यांच्यासाठी लिऑनमध्येच अॅडलीन सॉफ्टवेअर नावाचा स्टुडिओ काढून दिला. पुढच्याच वर्षी तेथून 'लिटल बिग अॅडव्हेंचर' आला. त्यातील ट्विन्सन या नायकाचे स्वभाव खेळणाऱ्याने बदलायचे असतात: साधा, चपळ, आक्रमक आणि लपूनछपून वागणारा, चाल, उडी आणि मारामारी त्या स्वभावाप्रमाणे बदलते. गुणी माणसे ओळखून त्यांना मोकळीक देण्याची जुनी रीत येथेही फळाला आली. पण १९९७ मध्ये दुसरा भाग आल्यावर त्याच वर्षी ही चमू सेगा या जपानी कंपनीकडे गेली आणि तिचे नाव नो क्लिशे झाले. सेगाने २००१ मध्ये ड्रीमकास्ट हे आपले कन्सोल आणि एकूणच कन्सोलचा धंदा सोडला, त्याबरोबर नो क्लिशेही संपला. म्हणजे शाही १९९२ मध्ये गेला, रेनाल १९९७ मध्ये गेला, आणि दोघांच्याही जागी त्या तोडीचे कोणी आले नाही. खटपट्या यांच्या हिशेबात ही वजाबाकी धरलेली नाही, असे मला नम्रपणे सुचवावेसे वाटते.

यात सरकारी धोरणाचाही वाटा आहे. १९९७ मध्ये यूबिसॉफ्टने मॉन्ट्रियलला स्टुडिओ उघडला तो क्यूबेकच्या सरकारने पगाराचा भार उचलला म्हणून. भाषा फ्रेंचच, खर्च कमी. फ्रान्समधील हुशार मुले तिकडे जाऊ लागली. फ्रान्सने गेमच्या निर्मितीखर्चावर करसवलत दिली ती युरोपीय आयोगाने २००७ च्या अखेरीस मान्यता दिल्यानंतर. तोवर डेल्फीन बंद पडून तीन वर्षे झाली होती. २००६ मध्ये त्याच फ्रान्सने रेनालला कला आणि साहित्याचा सरदारकीचा किताब दिला, हेही नमूद करण्याजोगे आहे. 

शेवट थोडक्यात असा. २००३ मध्ये डोकी डेंकी या दुसऱ्या फ्रेंच स्टुडिओने डेल्फीन विकत घेतली. घेणाऱ्याचीच आर्थिक स्थिती नाजूक होती. २००४ मध्ये त्याचे दिवाळे निघाले आणि त्याच्याबरोबर डेल्फीनही गेली. गेमबॉय अॅडव्हान्स या हातात धरून खेळायच्या यंत्रासाठी 'फ्लॅशबॅक'चा नवा भाग तयार होत होता, तो अर्धवट राहिला.

---

धुळाक्षरे

सह्यकडा यांच्या वजाबाकीत एक भर घालतो, म्हणजे बाहेर पडलेले सारे सुखी झाले असा समज होणार नाही. शाहीच्या अमेझिंग स्टुडिओला 'हार्ट ऑफ डार्कनेस' पूर्ण करायला सहा वर्षे लागली. तो १९९८ मध्ये आला तेव्हा बाजूने दिसणाऱ्या द्विमितीय गेमची लाट ओसरली होती, आणि त्या एकाच गेमनंतर तो स्टुडिओही विसर्जित झाला. मोकळीक देणारा मालक नसला तरी अडते आणि मुदतीची आठवण करून देणारा नसला तरी अडते. शाही पुढे बरीच वर्षे गेमपासून दूरच राहिला. २०११ मध्ये यूबिसॉफ्टच्या मोंपेलिए येथील स्टुडिओबरोबर 'फ्रॉम डस्ट' करून परतला.

क्विसे यांनी व्हेक्टरसेल नावाचा स्टुडिओ काढला. तेथे २०१२ मध्ये 'एमी' आणि २०१३ मध्ये 'फ्लॅशबॅक'ची नवी आवृत्ती झाली. दोन्हींचे स्वागत थंडच झाले आणि तोही बंद पडला. २०२३ मध्ये मायक्रोइड्स या प्रकाशकाने काढलेल्या 'फ्लॅशबॅक २'ची गत त्याहून वाईट झाली.

---

पाणवठा

ज्यांना आता हे गेम खेळून पाहायचे असतील त्यांच्यासाठी. 'अनदर वर्ल्ड'ची विसाव्या वर्धापनानिमित्त काढलेली आवृत्ती सहज मिळते; तिच्यात एका कळीने जुनी आणि नवी चित्रे आलटून पालटून पाहता येतात, आणि माझा आग्रह जुन्या चित्रांसाठी आहे. त्यातील पिस्तुलाची गंमत आधी समजून घ्यावी: कळ टिचकीसरशी सोडली तर गोळी, थोडी धरून सोडली तर ढाल, आणखी धरून सोडली तर भिंत फोडणारा मोठा झोत. हे गेम स्वतः सांगत नाही आणि न कळल्यामुळे अनेक जण पहिल्याच दालनात अडकून खेळ सोडून देतात. 'फ्लॅशबॅक' मात्र २०१३ च्या रूपात खेळू नये, मूळ रूपातच खेळावा. टायटनच्या जंगलात सुरुवातीलाच खाली पडलेला होलोक्यूब उचलायला विसरू नये, कारण कॉनरॅडने स्वतःसाठीच ठेवलेला निरोप त्यात आहे आणि तो ऐकल्याशिवाय पुढचे काहीच उमगत नाही.